वाण्याचे नाणे

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या घरातला एक डबा दर वर्षी वादाचा विषय होतो. डबा चहाचा, पत्र्याचा. झाकणावरचे चित्र केव्हाच उडून गेलेले. त्यात चाळीसएक चकत्या आहेत. बऱ्याचशा ॲल्युमिनियमच्या, काही पितळेच्या, दोन-तीन तांब्याच्या. काही गोल, काही अष्टकोनी, एकीच्या कडा तर फुलाच्या पाकळ्यांसारख्या कातरलेल्या. "यांतली एक तरी कुठं चालते का?" असे सौभाग्यवतींनी विचारावे आणि मी "नाही" म्हणावे, हा संवाद दहा वर्षे अखंड चालू आहे. यंदा मात्र त्यांनी निराळाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला पटकन सुचले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या चकत्या नाण्यांसारख्या दिसतात, पण त्यांवर राजाचा मुखवटा नाही की राजमुद्रा नाही. त्या पाडून घेतल्या होत्या दुकानदारांनी. त्यांतही बहुतेक एका रस्त्याच्या, शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावांतल्या किराणा दुकानदारांनी. वाण्याने स्वतःचे नाणे काढावे ही कल्पना आपल्याला विलक्षण वाटते. मलाही वाटली होती.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत, ओहायो राज्यात असतो. दहा वर्षांपूर्वी तो दिवाळीला गावी आला तेव्हा कागदाच्या पुडीतून त्याने एक चकती काढून माझ्या हातावर ठेवली. "गुरुजी, तुम्हांला जुन्या नाण्यांची आवड म्हणून आणली. तिथल्या जुन्या बाजारात मिळाली." चकती ॲल्युमिनियमची, आठ कोनी, हाताला इतकी हलकी की प्रथम मला ते पोरांचे खेळणेच वाटले. एका बाजूला झिजलेले आडनाव आणि खाली 'जनरल मर्चंडाइज' अशी अक्षरे. दुसऱ्या बाजूला 'गुड फॉर ५ सेंट्स इन ट्रेड'. म्हणजे पाच सेंटांच्या मालाला चालेल. साल नाही, गाव नाही. कुठल्या मालाला? कुणाच्या दुकानात? मास्तराला असा अर्धवट प्रश्न मिळाला की त्याची झोप उडते. माझीही उडाली.

पुढे वाचत गेलो तसे समजले ते असे. अमेरिकेच्या मध्यभागातल्या सपाट मुलखात १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा काळ हा या चकत्यांचा भरभराटीचा काळ. गावात दुकान बहुधा एकच. त्यातच पीठ, साखर, कॉफी, दोरा, खिळे, घासलेट आणि कित्येकदा टपालकचेरीदेखील. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा यायचा तो सुगी झाल्यावर. मधल्या महिन्यांत घर चालायचे ते बायकोच्या कोंबड्यांवर आणि दुभत्यावर. ती आठवड्याला अंडी आणि लोणी घेऊन दुकानात यायची. दुकानदार अंडी मोजून, लोणी तोलून त्यांची किंमत करायचा आणि तेवढ्या किमतीचा माल तिला द्यायचा. आता समजा माल घेऊनही तिचे पस्तीस सेंट उरले, तर ते रोख द्यायचे नाहीत. पंचवीसची एक आणि पाचच्या दोन अशा आपल्या चकत्या द्यायच्या. पुढच्या खेपेला तिने त्या आणाव्यात आणि माल न्यावा.

हे वाचताना मला परका मुलूख वाचतो आहे असे वाटेना. आमच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी पदराआड पायलीभर ज्वारी नाहीतर शेंगा घेऊन वाण्याच्या दुकानाची पायरी चढणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. वाणी माप घालायचा, त्या तेल, मीठ, चहापूड न्यायच्या. फरक एवढाच की आपल्याकडे उरलेले येणे वाण्याच्या वहीत जायचे.

हा फरक दिसतो लहान, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. वही वाण्याच्या गादीशेजारी असते. तिच्यात काय लिहिले आहे ते वाण्याला ठाऊक. बाईला अक्षर येत नसेल तर तिने त्याच्या तोंडाकडे पाहायचे. चकतीचे तसे नाही. ती बाईच्या गाठीला असते. निरक्षर बाईसुद्धा आपल्या पाच चकत्या पाचच मोजते. तिथे कुणाची लेखणी चालत नाही. पण याच चकतीची दुसरी बाजू अशी की ती त्या एका उंबऱ्याआतच पैसा असते. पलीकडच्या गावच्या दुकानात साखर दोन सेंटांनी स्वस्त असली तरी ती या बाईला महागच, कारण तिची शिल्लक तिथे चालतच नाही. हिशेब तिच्या हातात आला आणि पाय मात्र दुकानदाराने बांधून घेतले!

दुकानदारांना हा फायदा पुरता कळलेला होता. ओहायोतल्याच डेटन शहरात 'इंगल सिस्टिम' या नावाने अशा चकत्यांचे तयार संच विकले जात. त्यांवर १९०९ सालच्या पेटंटचा उल्लेख असतो. गिऱ्हाइकाला उधारी हवी असेल तर त्याच्याकडून रकमेवर सही घ्यायची, तेवढ्या चकत्या द्यायच्या, मग त्याने लागेल तसा माल न्यावा; रोज वहीत खरडण्याचा त्रास नाही. गल्ल्याची यंत्रे करणारा प्रसिद्ध कारखानाही त्याच डेटनमधला, १८८४ चा. दुकानदाराच्या मनाचा ठाव त्या गावाला चांगलाच लागला होता असे दिसते.

पण ही युक्ती मुळात अमेरिकेची नव्हे. ती इंग्लंडची, आणि तिथे ती लोभापेक्षा अडचणीतून निघाली. इंग्लंडच्या राजांना तांब्याचे नाणे पाडणे कमीपणाचे वाटे. राजाचे नाणे म्हणजे सोन्याचे नाहीतर चांदीचे. आता पेनीचा चौथा हिस्सा जो फार्दिंग, तो चांदीत पाडायचा तर इतका बारीक होतो की बोटांच्या फटीतून गळून जावा. त्यामुळे बंदे नाणे मिळे, खुर्दा मिळेना. आणि गरिबाचे सगळे जगणे खुर्द्यावर! ज्याला अर्ध्या पेनीचा पाव घ्यायचा आहे त्याला चांदीच्या शिलिंगाचा उपयोग काय? पहिल्या जेम्स राजाने १६१३ साली तांब्याचे फार्दिंग पाडण्याचा मक्ता एका उमरावाला दिला. राजाचा आणि मक्तेदाराचा फायदा झाला, लोकांचा विश्वास मात्र कधी बसला नाही. पुढे यादवी युद्धात मक्ताही गेला आणि राजाचे डोकेही गेले. मग १६४८-४९ पासून वाणी, पाववाले, मेणबत्त्या करणारे, खाणावळवाले यांनी आपापली फार्दिंगे पाडायला सुरुवात केली. १६७२ साली दुसऱ्या चार्ल्सने सरकारी तांब्याची नाणी काढून ती बंद करीपर्यंत अशी हजारो प्रकारची खासगी नाणी इंग्लंडभर फिरत होती.

त्यांतली एक माझ्या डब्यात आहे. माझ्या संग्रहातली तीच सर्वांत म्हातारी आणि सर्वांत लहान. शर्टाच्या गुंडीएवढी. वाण्याची निशाणी म्हणून तिच्यावर साखरेचा उभा शंकू आहे. वाचता न येणाऱ्याने चित्रावरून दुकान ओळखावे. मागे तीन अक्षरे: वर आडनावाचे, खाली एका बाजूला नवऱ्याच्या नावाचे आणि दुसऱ्या बाजूला बायकोच्या. त्या काळच्या इंग्लंडात ही रीतच होती. विधवांनी स्वतःच्या नावाने काढलेली नाणीही सापडतात. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'आणि सन्स' असते, 'आणि बंधू' असते. बायकोचे अक्षर मी तरी कुठल्या जुन्या पाटीवर पाहिले नाही, जरी मागच्या दाराने डाळ पाखडून पुढच्या दुकानात पोहोचवणारी तीच असे. हे मी सौभाग्यवतींना मुद्दाम दाखवले. त्या दिवशी डब्यावर टीका झाली नाही.

जॉन एव्हलिन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १६९७ साली नाण्यांवर एक ग्रंथ लिहिला. ही दुकानदारी नाणी शेजारच्या एकदोन गल्ल्यांपलीकडे क्वचितच जात, असे त्यात नोंदवून, पुढेमागे एखादा पंडित यांचा अर्थ लावत डोके खाजवीत बसेल अशी थट्टाही त्याने केली आहे. मी पंडित नाही. पण थट्टा मला लागू आहे.

खुर्द्याची टंचाई पडली की खासगी नाणे उगवते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा लोकांनी सोने-चांदी तर दडवलीच, पण सेंटसुद्धा दडवले. लोक टपालाची तिकिटे सुटे म्हणून देऊ लागले. ती हाताच्या घामाने चिकटत म्हणून १८६२ मध्ये एकाने अभ्रकाच्या झाकणाखाली तिकीट बसवलेली पितळी डबी काढली. दुकानदारांनी तांब्याच्या चकत्यांचा पूर आणला. न्यूयॉर्कच्या गुस्ताव लिंडेनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्याने तर लाखांनी काढल्या. ट्रामच्या कंपनीकडे त्याच्या चकत्या ढिगाने साठल्या. कंपनीने त्या परत घेऊन पैसे द्यावेत अशी मागणी केली तेव्हा तो नुसता हसला, अशी हकीकत सांगतात. १८६४ साली कायदा होऊन खासगी नाणी बंद पडली. पण 'मालाला चालेल' असे लिहिले की ते नाणे नव्हे, दुकानाची चिठ्ठी, अशा आडोशाने पुढे गावोगावच्या दुकानदारांनी आपले काम चालू ठेवले.

या चकतीचे सर्वांत वाईट रूप कोळशाच्या खाणींवर दिसले. वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी इकडच्या खाणगावांत घर कंपनीचे, दुकान कंपनीचे आणि पगाराची उचलही कंपनीच्या चकत्यांत. रोख हवे असेल तर बट्टा सोसा. इंग्लंडात कामगाराला मालाच्या रूपाने मजुरी देण्याविरुद्ध १८३१ मध्ये कायदा झाला. अमेरिकेतल्या खाणींवर या चकत्या दुसऱ्या महायुद्धानंतरही चालत राहिल्या. माझ्याकडे तसली एक आहे, मधोमध अक्षर कोरून आरपार काढलेली. ती मी फारशी हाताळत नाही.

आपल्याकडे वाण्याने नाणे काढले नाही असे म्हणतो खरे, पण तेही पुरते खरे नाही. २०१० च्या आसपास सुट्या पैशांची चणचण होती. त्या वेळी दुकानदार रुपया-आठ आण्यांच्या जागी चॉकलेटच्या गोळ्या हातावर ठेवीत. वाचकांना आठवत असेल. माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका पोराने अशा बारा गोळ्या न खाता साठवल्या आणि त्याच दुकानात नेऊन वही मागितली. दुकानदाराने त्याला हाकलून दिले. पोरगा माझ्याकडे आला. "गुरुजी, त्यांनी दिली तवा ते पैसं हुतं, मी दिली तर गोळी कशी?" अर्थशास्त्राचा इतका नेमका प्रश्न मला पुस्तकात आढळलेला नाही. अमेरिकेतला दुकानदार निदान आपलीच चकती परत घेत होता! मी त्या पोराला वही घेऊन दिली. उत्तर देता आले नाही. आता मोबाईलवर सात रुपये सातच जातात, त्यामुळे गोळ्याही गेल्या आणि तो प्रश्नही तसाच राहिला.

आता माझ्या पहिल्या चकतीकडे वळतो. ज्या चकतीवर गाव नसते तिला तिकडचे संग्राहक 'मॅव्हरिक' म्हणतात. टेक्सासात मालकाचा डाग न दिलेल्या मोकाट गुराला हा शब्द होता. तोच इकडे आला. दुकानदाराने गाव घातले नाही, कारण घालण्याची गरजच नव्हती. ज्याच्या हातात चकती त्याला दुकान ठाऊक! आज शंभर वर्षांनी जुन्या व्यापारी यादया, खानेसुमारीची दप्तरे, टपालकचेऱ्यांच्या नोंदी चाळून ही मोकाट गुरे आपापल्या दावणीला नेऊन बांधणे हा तिकडच्या संग्राहकांचा मोठा उद्योग आहे. १९६० साली त्यांनी या कामासाठी एक संस्थाही काढली. माझा विद्यार्थी रविवारी असली दप्तरे चाळतो. ते आडनाव त्याला ओहायो, इंडियाना आणि कॅन्सस अशा तीन राज्यांत, तीन निरनिराळ्या दुकानदारांचे म्हणून सापडले आहे. चकती तिघांपैकी कुणाची ते अजून ठरत नाही.

दुकाने मात्र तिघांचीही गेली. १८९६ पासून खेड्यात दारापर्यंत टपाल येऊ लागले. १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त मोटार आली आणि शेतकरी तासाभरात मोठ्या गावी जाऊ लागला. १ जानेवारी १९१३ पासून सरकारने पार्सलची डाक सुरू केली. सूचिपत्र पाहून शिकागोहून माल मागवावा, तो घरी यावा. गावोगावच्या दुकानदारांनी या पार्सलला कडवा विरोध केला होता. बांधलेल्या गिऱ्हाइकाचे पाय सुटत होते ना!

हे सगळे मी यंदा डबा पुसता पुसता सौभाग्यवतींना सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दुकानात नेऊन दिली की माल मिळायचा. मग या तुमच्याकडे आल्या म्हणजे कुणाला माल मिळालाच नाही. कुणाकुणाची बुडालेली येणी तुम्ही जमवून ठेवलीत होय?"

मी गप्प बसलो. दहा वर्षांत हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. दोन दिवसांनी भिंग घेऊन एकेक चकती पुन्हा पाहिली. त्यांचा आरोप सरसकट खरा नाही. निम्म्याअधिक चकत्या अगदी कोऱ्या आहेत. अक्षरांच्या कडा अजून बोटाला लागतात. त्या दुकान मोडल्यावर मालकाच्या खणातून निघालेल्या असाव्यात. त्या कुणाच्या हाती गेल्याच नाहीत, मग बुडतील कशा? राहिल्या झिजलेल्या. पहिली चकती त्यांतली. तिच्यावरचे आडनाव झिजले ते खणात पडून नव्हे. ती दुकानातून बाहेर गेली, आत आली, पुन्हा गेली. दर खेपेस तिला पाच सेंटांचा माल मिळाला. चकती जितकी गुळगुळीत तितक्या वेळा ती फिटली म्हणायची. बुडाली ती एकदाच, अखेरच्या खेपेला. हे मी सौभाग्यवतींना सांगितले. "ज्या बाईच्या हातात ती शेवटची राहिली तिला सांगा," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांच्या या बोलण्यावरून मला एक चकती आठवली. ती माझ्या डब्यात नाही.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही खुर्दा नाहीसा झाला होता. १९४० सालीच सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे गुन्हा ठरवले, एक रुपयाच्या नोटा काढल्या. तरी मोड मिळेना. मोरवी, जुनागढ, बुंदी, बिकानेर अशा संस्थानांनी पैसा-दोन पैशांची पुठ्ठ्याची कुपने काढली. १९४३ मध्ये धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा निघाला. म्हातारी माणसे त्याला भोकाचा पैसाच म्हणत. त्याच दिवसांत आमच्या तालुक्याच्या गावच्या एका वाण्याने आजीला दोन पैसे परत द्यायचे म्हणून एक पुठ्ठ्याची चकती दिली होती. तिच्यावर दुकानाचा जांभळा शिक्का आणि मोडीत दोन शब्द. आजी नव्याने नांदायला आलेली. पुढे ती मळ्यात राहायला गेली, चकती द्यायची राहून गेली. कुंकवाच्या डब्यात तळाशी कागदात गुंडाळून तिने ती ठेवली होती. "त्यांचं देणं हाय ते," एवढेच ती म्हणे.

१९९० च्या सुमारास, मी दहा वर्षांचा असताना, तिने ती मला दिली आणि दुकानात पाठवले. गल्ल्यावर वाण्याचा मुलगा होता. त्याने चकती उलटसुलट करून पाहिली. मोडी त्याला येत नव्हती. तो आत गेला आणि पाठोपाठ खुद्द म्हातारा वाणी भिंतीला धरत बाहेर आला. त्याने चष्मा लावला, चकती उजेडात धरली. "अक्षर माझं आहे," तो म्हणाला. मग बोटांवर हिशेब केला. जुने दोन पैसे म्हणजे अर्धा आणा, नवे तीन पैसे. तीन पैशांचे ॲल्युमिनियमचे नाणे तोवर केव्हाच दिसेनासे झाले होते. त्याने मुलाला खूण केली. मुलाने गुळाच्या ढेपेचा लिंबाएवढा खडा फोडून कागदात बांधला आणि माझ्या हातात दिला. म्हाताऱ्याने चकती मधोमध फाडली.

मी रडकुंडीला आलो. तो जांभळा शिक्का मला फार आवडला होता. तुकडे उचलायला वाकलो तर त्याने माझा हात धरला. "राहू दे, बाळ. फिटलेला कागद घरी नेत नाहीत."

घरी येऊन आजीला सगळे सांगितले. तिने पुडी सोडली, खडा तळहातावर घेऊन तोलून पाहिला.

"तवा दोन पैशाला याच्या दुप्पट गूळ यायचा," ती म्हणाली. मग पाट्यावर ठेवून तो फोडला, एक तुकडा देवापुढे ठेवला आणि उरलेला मला दिला.